वाचक विचारतात: धुळीत लाईटवर चालणारा टॉर्क सेन्सर टिकेल का?

प्रश्न: सर, मी फर्मागुढीला मेकॅनिकल शिकतोय. प्रोजेक्टला प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा दांडा) टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, मोजायचाय, स्ट्रेन गेज (ताण मोजणारी, चिकटवायची पट्टी) लावला तर फिरत्या शाफ्टवरून वायरी बाहेर आणायची पंचाईत, म्हणून ऑप्टिकल सेन्सर करूया म्हटलं, पण मित्र म्हणतात आमच्या डिचोलीची लाल धूळ बसली की लाईट अडला, खेळ खलास. खरं काय?
– एक विद्यार्थी, डिचोली

उत्तर: मित्रांचं अर्धंच बरोबर आहे. टॉर्क आला की शाफ्टला पीळ पडतो. 25 मिमी जाडीच्या भरीव स्टीलच्या शाफ्टला 100 न्यूटन-मीटर दिलास तर 30 सेमी लांबीत जेमतेम अर्ध्या अंशाहून थोडा जास्त. या लांबीच्या दोन टोकांना खाचा पाडलेल्या सारख्या चकत्या बसव, प्रत्येकीला एका बाजूने एलईडी, दुसऱ्या बाजूने उजेड पडला की सिग्नल देणारा फोटोडायोड, म्हणजे शाफ्ट फिरताना दोन्हीकडून पल्स (सिग्नलचे ठोके) येतात आणि पीळ पडला की एक दुसरीच्या मागे राहते. 1500 आरपीएमला हा उशीर साधारण 60 मायक्रोसेकंद, साधा मायक्रोकंट्रोलरही तो पकडतो. म्हणजे इथे आपण उजेड किती ते मोजतच नाही, वेळ मोजतो, त्यामुळे थोड्या धुळीने काही बिघडत नाही. फक्त एकच सेन्सर जास्त मळला तर पल्सची कड सरकते, म्हणून चढती आणि उतरती दोन्ही कडा घेऊन मधली वेळ धर. खाच चिखलाने बुजली तर मात्र पल्सच गायब, त्यामुळे बंद कव्हर हवंच, आणि आपल्या पावसाळ्यात आत ओल धरते तेही बघ.

मला धुळीपेक्षा तुझ्या शाफ्टची काळजी वाटते. गाडीचा प्रोपेलर शाफ्ट बहुतेक जाड पोकळ नळी असतो आणि भरीव शाफ्टची जाडी दुप्पट केली तर पीळ सोळावा हिस्सा उरतो, मग मोजणार काय? टेस्ट बेंचवर बारीक शाफ्ट घेऊन कर, ते जमण्यासारखं आहे. शाफ्ट थांबलेला असेल तर पल्स नाहीत आणि रीडिंगही नाही, म्हणून स्टिअरिंगला ही पद्धत चालत नाही, तिथे टॉर्शन बारवर (पीळ घेणारी बारीक दांडी) बहुतेक मॅग्नेटिक सेन्सर असतात, तेलाधुळीचं त्यांना फारसं काही वाटत नाही. शाफ्टवर 45 अंशात चिकटवलेल्या फायबर ब्रॅग ग्रेटिंगनेही (ताण पडला की परत येणाऱ्या उजेडाची तरंगलांबी बदलणारी काचेची तार) टॉर्क मिळतो, पण त्याचं रीडिंग घेणारं यंत्र महाग, कॉलेजच्या बजेटात बसवू नको.

कॅलिब्रेशन, म्हणजे रीडिंग खऱ्या टॉर्कशी जुळवणं, फिरत्या शाफ्टवरच कर. आधी लोड न देता फिरवून झिरो घे, मग लॅबमधला रोप ब्रेक (फिरत्या चाकावर दोर गुंडाळून वजनांनी लोड देणारा ब्रेक) लावून वजनं वाढवत जा.