अभद्र स्वप्नं आणि उद्याची धास्ती: एका ताईंना उत्तर

सलाम ताई.

तुमचं लिहिणं नीट वाचलं. सासरे वारण्याआधी, ते जाणार असं तुम्हाला स्वप्न पडलं होतं. आता तसंच स्वप्न यजमानांबद्दल पडतंय, आणि ते ट्रक घेऊन पुण्याला निघाले की तवंदी घाट उतरल्याचा फोन येईपर्यंत तुमच्या घशाखाली घास जात नाही. शेजारच्या काकू कौल लावून बघ म्हणतात. प्रार्थनेला येणारी एक बहीण म्हणते हे देवाने दिलेलं कृपादान आहे. तिसरीने, चिंता करणं म्हणजे अविश्वास, पाप, असं सुनावलं. यातलं खरं कोणतं, असं तुम्ही विचारलंय.

मला तिघींचंही पटत नाही. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला मंडळात बरीच वर्षं काढली, अशा धास्तावलेल्या बायकांच्या घरी जाऊन बसले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सासऱ्यांचं. ते कित्येक महिने अंथरुणाला खिळून होते, अन्न सुटलं होतं, सगळं तुम्हीच करत होता, असं तुम्हीच लिहिलंय. इतक्या जवळून सांभाळणाऱ्याच्या मनाला शेवट जवळ आल्याचं कळतंच. दिवसा जे ओठावर आणवत नाही ते रात्री स्वप्नात उभं राहतं. त्यात अद्भुत काही शोधायला नको, आणि तुमचा दोष तर मुळीच नाही. शिवाय खरी ठरलेली स्वप्नंच आपल्या लक्षात राहतात. टिटवी ओरडली आणि काहीच झालं नाही, अशा रात्रीची गोष्ट कोण सांगत बसतं?

देव स्वप्नातून बोलतच नाही असं मी म्हणणार नाही. बायबल मानणाऱ्याला ते म्हणता येत नाही. पण तिथे तो कसा बोलतो ते बघा की. मरीयेच्या योसेफाला सांगितलं, ऊठ, बालकाला आणि त्याच्या आईला घेऊन मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, पळून जा. मिसरच्या फारो राजाला गायींची आणि कणसांची स्वप्नं पडली तेव्हा दुसऱ्या योसेफाने अर्थ सांगून उपायही सांगितला: सुकाळाच्या 7 वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवा. अगब संदेष्ट्याने मोठा दुष्काळ पडणार म्हटल्यावर अंत्युखियाच्या शिष्यांनी ऐपतीप्रमाणे मदत गोळा केली आणि बर्णबा व शौल (हाच पुढे प्रेषित पौल) यांच्या हाती यहूदीयातल्या भावंडांना पाठवली. म्हणजे सूचना आली ती हाताला काम घेऊन आली. कोयनेतून पाणी सोडलं की आपल्या चिकोडी-रायबागच्या कृष्णाकाठाला इशारा येतो ना, तसा. 2019 च्या ऑगस्टात ज्यांनी महापूर पाहिला त्यांना माहीत आहे, इशाऱ्याने गुरं हलवता येतात, धान्य माळ्यावर चढवता येतं. नुसतंच ‘काहीतरी भयंकर होणार’ असं कुणी दारात येऊन ओरडलं तर माणूस जागच्या जागी थिजतो, दुसरं काय होणार?

तुमचं स्वप्न तुम्हाला काय करायला सांगतं, हे स्वतःला विचारा. टायर बघून घ्या, सलग रात्री गाडी चालवू नका, विम्याचा हप्ता राहिलाय तो भरा, असं काही त्यातून सुचत असेल तर करून टाका. ते स्वप्न न पडताही शहाणपणाचंच आहे. करण्यासारखं काहीच नसेल आणि फक्त भीतीच उरत असेल, तर ते स्वप्न देवाने पाठवलेलं आहे असं मानायचं बंधन तुमच्यावर नाही.

आता पौलाची एक गोष्ट, कारण ती मला फार मोलाची वाटते आणि प्रवचनात क्वचितच ऐकायला मिळते. बायबलातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय 27. समुद्रमार्गे रोमला जाताना पौल सांगतो, या प्रवासात हानी होईल असं मला दिसतंय, माल आणि तारवाचीच नव्हे तर आपल्या जिवांचीही. कुणी ऐकत नाही. वादळ येतं. पुढे त्याच अध्यायात तोच पौल म्हणतो की रात्री देवाचा दूत माझ्याजवळ उभा राहिला. तारू जाईल, पण तुमच्यातल्या एकाचाही जीव जाणार नाही. आणि तसंच होतं. 276 माणसं, सगळी किनाऱ्याला लागली. मला यातून इतकंच दिसतं की प्रेषिताच्या मनाला वाटलेलंसुद्धा जसंच्या तसं घडलं नाही. मग तुमच्या-माझ्या पहाटेच्या स्वप्नाला ब्रह्मवाक्य का मानायचं? निनवे नगराला तर 40 दिवसांत नाश होईल असं देवाच्याच सांगण्यावरून योनाने ओरडून सांगितलं होतं. लोकांनी पश्चात्ताप केला आणि नगर वाचलं. हिज्कीया राजाला तू मरणार असा निरोप आला, त्याने भिंतीकडे तोंड करून रडत प्रार्थना केली आणि आयुष्याची 15 वर्षं वाढवून मिळाली.

कौलाबद्दल. काकू तुमच्या भल्यासाठीच सांगतायत, त्यांच्याशी भांडू नका. पण आपल्याला ती वाट नाही. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात शकुन बघणं, मृतांना विचारणं हे स्पष्ट मना केलंय. आणि नुसती आज्ञा म्हणून नव्हे, त्याने माणसाचं काय होतं ते शौल राजाकडे बघून कळतं. मृतांना बोलावणाऱ्या एन-दोर गावच्या बाईकडे वेश बदलून गेला, उद्याचं कळलं, आणि अंगातलं त्राण जाऊन जमिनीवर कोसळला. कळून त्याला काडीचाही उपयोग झाला नाही.

हीच कसोटी प्रार्थनेच्या नावाखाली ‘तुझ्या घरावर मृत्यूची छाया आहे’ म्हणणाऱ्यांनाही लावा. तुमच्या त्या बहिणीच्या मनात वाईट नसेल. पण कुणी असं बोलून वर बंधन तोडायला अमुक इतकं अर्पण आणा म्हणालं, तर उठून सरळ घरी या. फिलिप्पैतल्या ज्या दासीच्या अंगात भविष्य सांगणारा आत्मा होता ती पौलाबद्दल खोटं बोलत नव्हती; तरी पौलाने तिला त्यातून सोडवलं, आणि तिच्यावर पैसा करणाऱ्या धन्यांनी त्याला तुरुंगात टाकायला लावलं. एखाद्याचं सांगणं खरं ठरलं एवढ्यावरून तो देवाकडून आला असं होत नाही.

राहिलं पापाचं. ‘उद्याची चिंता करू नका’ हे प्रभू येशूने म्हटलं ते उद्या काय खाऊ, काय पांघरू अशा विवंचनेतल्या माणसांना, पाखरं आणि रानफुलं दाखवत. ते धीराचे शब्द आहेत. त्यांचा सोटा करून घाबरलेल्या बाईच्या पाठीत घालणं मला सहन होत नाही. कशाचीही चिंता करू नका असं फिलिप्पैकरांना लिहिणारा पौल दुसऱ्या पत्रात कबूल करतो की सगळ्या मंडळ्यांची चिंता त्याला रोज असते. आणि पकडलं जाण्याआधी गथशेमाने बागेत तर प्रभूला पुढे काय येणार ते पक्कं ठाऊक होतं. तो व्याकूळ झाला, तिघा शिष्यांना म्हणाला माझ्याबरोबर जागे राहा, आणि पित्याला तीच विनंती पुन्हा पुन्हा केली. तुम्ही रात्री उठून रडत प्रार्थना करता ते त्याला परकं नाही ओ ताई.

आता करायचं काय. यजमानांशी बसून फोनच्या वेळा ठरवा: निघताना, कोल्हापूर ओलांडून कुठे थांबल्यावर, पोचल्यावर. मधे करू नका. घाटात स्टिअरिंगवर असताना वाजणारा फोन हाच मोठा धोका आहे. ते निघताना दोघांनी मोठ्याने छोटी प्रार्थना करा, याकोबाने सांगितलंय तसं ‘प्रभूची इच्छा असेल तर’ म्हणून त्यांना निरोप द्या. स्वप्न पडलं तर तारखेनिशी वहीत लिहा आणि त्याच पानावर ते सुखरूप परत आल्याचंही लिहा. काही महिन्यांनी ती वही तुम्हालाच पुष्कळ सांगेल.

आणि झोप उडालीय, छाती धडधडते, हातापायाला घाम सुटतो असं तुम्ही लिहिलंय, ते अंगावर काढू नका. धारवाडला डिमहान्स हे मानसिक आरोग्याचं सरकारी इस्पितळ आहे, आपल्या भागातले कितीतरी लोक तिथे जातात. त्याआधी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो. साखरेची गोळी घेताना आपला विश्वास कमी पडला असं कुणी म्हणत नाही, मग इथेच का म्हणायचं? पाळकांना हे सांगायला संकोच वाटत असेल तर आधी पाळकबाईंना सांगा, त्यांना बरोबर घेऊन धारवाडला जा.