दुसरी टेस्टिंग लॅब घ्यायची की नाही

वडोदरा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी मेल आणि सोबतचा फ्लोचार्ट मिळाला. मकरपुऱ्याच्या ट्रान्सफॉर्मर कंपनीत प्लॅनिंगला लागलास याचा आनंद आहेच. त्याहून आनंद याचा, की शेठनी तुला पहिलंच काम खरं दिलं: डिस्पॅच उशिरा का होतो ते शोध, आणि दुसरी टेस्टिंग लॅब उभारावी का ते सांग. नव्या मुलांना बहुधा जुने रिपोर्ट नव्या रंगात काढायला बसवतात.

चार्ट सुबक आहे. एन्क्वायरीपासून बिलापर्यंत सगळे चौकोन आहेत, स्टोअरच्या चहावाल्याचा तेवढा राहिलाय. पण पूर्ण पाहून झाल्यावरही लॅब घ्यावी की नाही हे मला कळलं नाही. शेठनाही कळणार नाही. ते मान डोलावतील, "बहु सरस" म्हणतील आणि मनात आधीच ठरवलेलं असेल तेच करतील.

म्हणून आधी अर्धं पान लिही. निर्णय कोण घेणार? कधीपर्यंत? पर्याय कोणते, आणि त्यात "काहीच न करणे" आहे का? कुठला आकडा कुठल्या बाजूला गेला तर शेठ मत बदलतील? हा शेवटचा प्रश्न त्यांनाच विचार. "काहीही दिसलं तरी लॅब घ्यायचीच" असं उत्तर आलं, तर विश्लेषण नको, कोटेशन मागव. मार्चपूर्वी काय शक्य आहे एवढाच प्रश्न असेल, तर तुझ्या चार्टातला खरेदीचा सगळा भाग आज गाळता येईल. मॉडेल किती खोल काढायचं हे निर्णय ठरवतो. मॉडेल काढून झाल्यावर त्याला निर्णय शोधायला निघणं हा उलटा प्रवास आहे, आणि आपल्याकडे तो फार होतो.

चिन्हांची चिंता करू नकोस. फ्रँक आणि लिलियन गिल्ब्रेथ या जोडप्याने १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनियरांच्या संस्थेपुढे प्रोसेस चार्ट मांडले, तेव्हापासून ही भाषा वाढतेच आहे. हल्ली बीपीएमएन ही चिन्हांची पद्धत चालते, तिची २.० आवृत्ती २०११ ची, पुढे आयएसओनेही ती स्वीकारली. शिकून घे, सॉफ्टवेअरवाल्यांशी बोलताना उपयोगी पडते. शॉप फ्लोअरवर मात्र साधा चौकोन, बाण आणि थांबलेल्या मालासाठी त्रिकोण पुरतो. तुझ्या चार्टात त्रिकोण एकही नाही, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे. कोअर कटिंग, वायंडिंग, असेंब्ली, ओव्हन, टँकिंग, ऑइल, टेस्टिंग हे सगळं तू काढलंस. पण जॉबचे, म्हणजे ऑर्डरीतल्या एकेका ट्रान्सफॉर्मरचे, दिवस त्या चौकोनांत कमी आणि मधल्या बाणांवर जास्त जातात: ड्रॉइंग अप्रूव्हलची वाट, रेडिएटरची वाट, ओव्हन रिकामा व्हायची वाट. नकाशात शहरातली मांडवी दिसते, मांडवीतली गर्दी दिसत नाही, तसं झालंय.

उलटा बाणही नाही. टेस्टिंगला फेल झालेला जॉब कुठे जातो? टँकमधून बाहेर, मग वायंडिंगला, मग परत ओव्हनला. हा परतीचा जॉब ओव्हनमधली कुणाची जागा खातो, हे तुला क्वालिटी मॅन्युअलमधून कळणार नाही. ओव्हनवरच्या भाईंना विचार, आणि गुजरातीत विचार. आपण बडोद्याचे मराठी लोक घरात मराठी, कारखान्यात गुजराती आणि प्रेझेंटेशनला इंग्रजी बोलतो. प्रोसेसची खरी माहिती यातल्या मधल्या भाषेत असते.

आता डेटा. तू लिहितोस की ईआरपीप्रमाणे, म्हणजे कंपनीच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरप्रमाणे, सगळ्यात जास्त दिवस "टेस्टिंग" या स्टेजला जातात, म्हणून लॅब अपुरी आहे. इथे थांब. तुमच्या ईआरपीत "टेस्टिंग" ही स्टेज बंद कधी होते? आपल्या टेस्ट संपल्यावर, की वीज कंपनीचा इन्स्पेक्टर येऊन, टेस्ट पाहून, डिस्पॅच इन्स्ट्रक्शन (माल पाठवा असं त्यांचं पत्र) हातात पडल्यावर? मी पाहिलेल्या बऱ्याच कारखान्यांत दुसरं असायचं. तुमच्याकडेही तसं असेल, तर त्या दिवसांतले कितीतरी दिवस ट्रान्सफॉर्मर लॅबमध्ये नसतोच, यार्डात उभा असतो. मग दहा लॅब बांधल्या तरी तो तिथेच उभा राहील. लॅबच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या एका व्याख्येत आहे. ती उलगडल्याशिवाय एकही ग्राफ काढू नकोस.

तुला कॉलेजात प्रोसेस मायनिंग, म्हणजे नोंदींतून कामाची खरी वाट शोधणं, शिकवलं असेल. आइंडहोव्हनच्या विल व्हॅन डर आल्स्ट यांनी हे शास्त्र उभं केलं. त्याला लागतं थोडंच: जॉब नंबर, काय केलं, आणि केव्हा केलं. हे तीन कॉलम असले की प्रोम किंवा पीएमफॉरपायसारखं सॉफ्टवेअर तुला खऱ्या वाटा काढून देईल, आणि मॅन्युअलमधल्या वाटेशी त्या किती जुळत नाहीत तेही दाखवेल. साधन उत्तम आहे. पण तिसरा कॉलम तपासून बघ. संध्याकाळी शिफ्ट सुटताना सुपरवायझर दिवसभराचे सगळे जॉब एका बैठकीत भरत असेल, तर सॉफ्टवेअरला वाटेल की वायंडिंग, असेंब्ली आणि टँकिंग एकाच पाच मिनिटांत उरकलं. वेळेच्या कॉलमचा तासवार हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या तासाला किती नोंदी याचा खांबांचा आलेख, काढ. साडेपाचला मोठा खांब दिसला की काय ते समज. मग पडताळणीला माणसाने न लिहिलेल्या वेळा शोध. टेस्ट रिपोर्टवर मशीन वेळ छापतं, ओव्हनचा तापमान रेकॉर्डर खोटं बोलत नाही, गेटवर गाडीची नोंद असते.

एवढं झालं की एक साधा हिशोब कर. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम आहे: कारखान्यात सरासरी जितके जॉब अडकलेले असतात, तितके असतात रोज बाहेर पडणारे जॉब गुणिले एका जॉबला लागणारे सरासरी दिवस. समज, फ्लोअरवर ६० ट्रान्सफॉर्मर आहेत आणि रोज ४ निघतात. म्हणजे प्रत्येकाला सरासरी १५ दिवस. मार्केटिंगवाले १० दिवसांचा शब्द देत असतील तर रोज ६ काढायला हवेत, किंवा फ्लोअरवर ४० च ठेवायला हवेत. तिसरा रस्ता नाही. कारखाना स्थिर चालत असेल, तर दीर्घकाळाच्या सरासरीवर हा नियम जॉब कसे येतात याबद्दल काहीही गृहीत न धरता चालतो, म्हणून मला तो फार प्रिय आहे. यार्डातले आणि लॅबसमोरचे जॉब वेगवेगळे मोजून लावलास, तर मघाचा व्याख्येचा घोळही याच्यातच उघडा पडतो.

लॅबकडे येऊ. शेठ म्हणतात लॅब ९० टक्के वेळ बिझी असते, म्हणजे अजून १० टक्के मोकळी आहे, मग रांग कशी? रांग असणारच. जॉब मनाला येतील तसे येत असतील आणि टेस्टला लागणारा वेळही बराच बदलता असेल, तर साध्या गणिताप्रमाणे ८० टक्के बिझी असताना वाट पाहणं टेस्टच्या सरासरी वेळेच्या ४ पट होतं, ९० ला ९ पट, ९५ ला १९ पट. ९० वरून ९५ ला जाताना वाट दुपटीहून जास्त वाढते. शेठना हे टेबल करून दाखव, त्यांना पटेल. व्याजाचा हिशोब ज्याला कळतो त्याला हेही कळतं.

पण तेवढ्यावर थांबलास तर लॅबचाच निष्कर्ष निघेल. त्याच १९६१ साली जॉन किंगमन यांनी दाखवलं की रांग तीन गोष्टींनी वाढते: साधन किती बिझी आहे, काम किती अनियमित येतं, आणि एकेका कामाला लागणारा वेळ किती कमीजास्त होतो. दुसरी लॅब मुख्यतः पहिल्या गोष्टीवर औषध आहे, आणि महाग. बाकी दोन बघ. रूटीन टेस्ट लवकर आटपतात, पण कुणा गिऱ्हाइकाने हीट रन (ट्रान्सफॉर्मर किती तापतो ती टेस्ट) मागितली की तो एक जॉब लॅब तासन् तास अडवून बसतो आणि मागे सगळे खोळंबतात. हीट रन रात्री किंवा रविवारी लावता येते का? येत असेल तर खर्च किती, दोन माणसांचा ओव्हरटाइम? दुसरं, टँकिंगवाले शनिवारी एकदम ढीग पाठवतात का? रोज थोडे पाठवले तर काय बिघडतं? हे दोन्ही पर्याय लॅबच्या शेजारी त्याच तक्त्यात बसले पाहिजेत. हवं तर पायथनमध्ये सिम्युलेशन कर, पण आधी गेल्या वर्षीची रांग त्यातून जशीच्या तशी निघते का ते बघ. गेलं वर्ष ज्याला सांगता येत नाही, त्याला पुढचं विचारू नये.

वर्षाची एक सरासरी देऊ नकोस. वीज कंपन्यांच्या ऑर्डरींमुळे मार्च एंडिंगचा महिना वेगळा, जुलै वेगळा. मार्चसाठी लॅब बांधली तर जुलैत ती धूळ खाईल. कदाचित तरीही परवडेल, पण ते शेठना ठरवू दे. सरासरीऐवजी "दहातले नऊ जॉब इतक्या दिवसांत निघतात" असं सांग, कारण दंड लागतो तो उशिरा निघालेल्या दहाव्यावर.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीचे आकडे वेगळे काढ. विश्वामित्रीच्या पुराने निम्मं शहर घरात अडकलं होतं. त्या आठवड्याचा उशीर प्रोसेसचा नव्हे. वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये कंट्रोल चार्ट काढला तो हाच फरक करायला: रोजची वरखाली कुठली आणि बाहेरून आलेलं कारण कुठलं. मात्र पूर गाळताना तसं लिहून गाळ. आणि गाळायचं म्हटल्यावर हात सैल सोडू नकोस. प्रत्येक वाईट आठवड्याला कुणीतरी पूर म्हणतंच.

तू रात्रपाळीबद्दल लिहिलंस त्याने मात्र मी जरा दचकले. रात्री वायंडिंग झालेले जॉब जास्त फेल होतात, म्हणून रात्रपाळी सैल आहे असं तुझं म्हणणं. आकडे मनाचे घेऊन बघू. दिवसा १०० लहान जॉब, ४ फेल. २० मोठे, ४ फेल. रात्री ३० लहान, १ फेल. ९० मोठे, १६ फेल. एकूण बघितलं तर दिवसा १२० पैकी ८, रात्री १२० पैकी १७, रात्रपाळी दोषी. आता वेगळे करून बघ. लहानांत दिवस ४ टक्के, रात्र सव्वातीनच्या आसपास. मोठ्यांत दिवस २०, रात्र अठराला थोडे कमी. दोन्हीकडे रात्रपाळीच सरस! अवघड जॉब तिच्या वाट्याला जास्त येतात, एवढाच तिचा गुन्हा. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या १९७३ च्या प्रवेशांत असाच पेच निघाला होता. एकूण आकड्यांत मुलींवर अन्याय दिसत होता. विभागवार पाहिल्यावर कळलं की जिथे प्रवेश मुळातच कठीण तिथे मुलींचे अर्ज जास्त होते. तुमचं चित्र निराळंही असेल. पण रेटिंगप्रमाणे, म्हणजे लहान-मोठे, वेगळं केल्याशिवाय ते वाक्य रिपोर्टात जाता कामा नये. त्यावर कुणाचं तरी इन्क्रिमेंट अडकतं.

आणि ज्या दिवशी तुझ्या आकड्यावरून कुणाला बोल लागेल, त्या दिवसापासून आकडे बिघडतील. चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनधोरणाबद्दल हे नोंदवलं, पण कारखान्यात ते लवकर दिसतं. "टेस्टिंगचे दिवस" यावर लॅबवाल्यांना जाब विचारलास, तर ते जॉब स्वीकारल्याची नोंदच दोन दिवस उशिरा करतील. स्टेज झकास दिसेल, ट्रान्सफॉर्मर तिथेच. फ्लोअरवर पहिल्या दिवशीच सांग की तू बाण मोजतो आहेस, माणसं नाही. आणि मग तो शब्द पाळ.

शेवटी शेठना मोठा निर्णय एकदम घ्यायला लावू नकोस. आपल्या सयाजीरावांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये आधी अमरेलीत करून पाहिलं, संपूर्ण राज्याला लावलं ते १९०६ मध्ये. तुम्हाला तेरा वर्षं लागायची नाहीत. हीट रन रात्री, टँकिंगचा माल रोज, एवढं सहा आठवडे चालवा. पण सुरू करण्याआधी लिहून ठेव की रांग किती खाली आली तर लॅब नको आणि किती आली नाही तर लॅब हवी. नंतर लिहिलेली अट नेहमी आपल्या मनासारखीच निघते.

शेठना नोट एका पानाची दे. वर तुझी शिफारस, खाली पर्याय आणि खर्च, प्रत्येक अंदाजाला "इतके ते इतके" अशी रेंज. चौकोनांचा चार्ट मागे जोड, मागितला तरच उघड.

आता लगेच करायचं ते: मागच्या मार्चपासूनच्या इन्स्पेक्शन कॉलच्या (इन्स्पेक्टरला बोलावण्याच्या पत्रांच्या) फाइली मार्केटिंगकडून मागून घे. प्रत्येक जॉबची कॉल पाठवल्याची तारीख, इन्स्पेक्टर आल्याची तारीख आणि डिस्पॅच इन्स्ट्रक्शनची तारीख, टेस्ट रिपोर्टच्या तारखेशेजारी बसव. मार्केटिंगवाले सहजी देणार नाहीत, कारण कॉल उशिरा पाठवल्याचं त्यात दिसू शकतं. शेठकडून एक ओळ लिहून घे. तक्ता झाला की रविवारी सकाळी दांडिया बाजारला घरी ये. लॅपटॉप आण, ग्राफ नको, कच्च्या तारखाच आण.

तुझी,
मावशी