पन्नाशीच्या उंबरठ्यावर एकटीने जगाची फेरी: पश्चिमेकडून निघा

तुम्ही विचारलंय: वय ४७, मुलगी हॉस्टेलला, ऑफिसातून सहा महिन्यांची बिनपगारी रजा मिळतेय, तर पुण्याहून निघून एकटीने जगाला फेरी मारता येईल का, आणि सुरुवात कुठून करायची?

येईल, नक्की येईल. मी पन्नाशीला टेकले होते तेव्हा जाऊन आले. माझं ठाम मत आहे की आपल्या पासपोर्टवर ही फेरी पश्चिमेकडून करावी. म्हणजे आधी युरोप, मग अमेरिका, मग पॅसिफिक ओलांडून घर.

याचं मुख्य कारण व्हिसा. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो, आणि तोही साधारणपणे आपण राहतो त्या देशातूनच. आधी थायलंड, ऑस्ट्रेलिया करू आणि युरोपचा व्हिसा वाटेत कुठेतरी काढू, हा बेत त्यामुळे बसत नाही. अमेरिकेचा व्हिसा मात्र सगळ्यात आधी हाती घ्या. मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागतो, पण मिळाला की तो सहसा दहा वर्षांचा असतो आणि त्यावर मेक्सिकोही होतं. फिजीला आपल्याला आगाऊ व्हिसा लागत नाही. जपानवर मला पाणी सोडावं लागलं. त्यांचा एका प्रवेशाचा व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो, आणि तोवर मी अमेरिकेतच असणार होते.

दुसरं कारण शरीराचं. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, आणि लवकर झोपण्यापेक्षा उशिरा झोपणं सोपं जातं. पंचविशीत हे जाणवत नसेल, आपल्या वयात चांगलंच जाणवतं.

पंडिता रमाबाई याच दिशेने गेल्या होत्या. १८८३ मध्ये इंग्लंड, १८८६ मध्ये अमेरिका, आणि पॅसिफिक ओलांडून जपानमार्गे १८८९ मध्ये मुंबई. पुढच्याच वर्षी त्यांची विधवांसाठीची शाळा, शारदा सदन, पुण्यात आली. शाळेत त्यांच्यावर धडा होता, पण या बाईने पृथ्वीला अख्खी प्रदक्षिणा घातली होती हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. याचं मला अजूनही वाईट वाटतं.

तिकिटासाठी वनवर्ल्ड या विमान कंपन्यांच्या गटाचं जगफेरीचं तिकीट बघा. किंमत खंडांच्या संख्येवर ठरते, जास्तीत जास्त १६ टप्पे आणि एक वर्षाची मुदत.

एकटेपणाची भीती तुम्ही लिहिलेली नाही, पण असणारच. लॉस एंजेलिसहून रात्री विमान निघालं आणि फिजीत नांदीला पहाटे उतरले, तर वाटेत वाररेषा ओलांडल्यामुळे मधली एक तारीखच गायब! बीपीच्या गोळ्यांच्या डबीत त्या वाराचा कप्पा भरलेला तसाच. मी हॉटेलात बसून गोळ्यांचा हिशोब लावत होते आणि पहिल्यांदा घरची फार आठवण आली. दुपारी बाजारात गेले. भेंडीचे वाटे लावून बसलेल्या एका आजींनी त्यांच्या हिंदीत हाक मारली. १८७९ पासून भारतातून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या गिरमिटियांची, म्हणजे करारावरच्या मजुरांची, ही नातवंडं-पतवंडं. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं. नवरा सोबत का नाही, हे मात्र नाही विचारलं. पुण्यात सोसायटीच्या गेटवर तोच पहिला प्रश्न होता.

गोळ्या मूळ पाकिटात ठेवा, आणि डॉक्टरांकडून औषधांची जेनेरिक नावं लिहून घ्या, कारण आपले ब्रँड बाहेर कुणाला कळत नाहीत. भारतातलं सिम रोमिंगवर चालू राहू द्या, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. दक्षिण अमेरिका जोडणार असाल तर पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्या. दाखला नसेल तर परत येताना सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

आणि पासपोर्ट आजच कपाटातून काढून बघा. परतीच्या तारखेनंतर सहा महिने मुदत उरत नसेल किंवा कोरी पानं कमी असतील, तर नूतनीकरणाला टाका आणि अर्जात ६० पानी पुस्तिका मागा.