रोज सकाळी बायबलचे ३-४ अध्याय वाचतो, तरी धीर राहत नाही आणि आशाही वाटत नाही. मनन कसं करावं?

अध्याय मोजणं थोडे दिवस बंद करा आणि बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एकच छोटं स्तोत्र आठवडाभर रोज वाचा, हळू आणि शक्यतो मोठ्याने. आमच्या अभ्यासगटात आम्ही असंच करतो, आणि ३-४ अध्याय उरकले की दुपारपर्यंत त्यातलं काहीच आठवत नाही हा अनुभव तिथे जवळजवळ सगळ्यांचा आहे.

सुरुवात स्तोत्र १३० पासून करा. फक्त ८ ओव्या आहेत आणि ६ व्या ओवीत पहाटेची वाट बघणारे पहारेकरी लागोपाठ दोनदा येतात, तिथेच थांबा. पहारेकऱ्याला सूर्य लवकर उगवायला लावता येत नाही पण तो उगवणार हे त्याला माहीत असतं, धीर म्हणजे नेमकं हेच ना! मग ती ओळ वहीत लिहा आणि आज आपण कशाची वाट बघतोय ते खाली एका वाक्यात, बस, १० मिनिटं पुरे. दुसऱ्या आठवड्यात रोमकरांस पत्र ५:३-५ (५ वा अध्याय, ओव्या ३ ते ५) घ्या, तिथे पत्र लिहिणारा प्रेषित पौल संकटातून धीर, धीरातून शील आणि मग शेवटी आशा असा क्रम लावतो, म्हणजे आशा पहिल्याच दिवशी वाटली नाही तर तुमचं काही चुकत नाहीये.

फक्त एक, रोज बरं वाटेलच असं नाही, स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे. आणि झोप-भूकच गेली असेल तर मनन चालू ठेवून डॉक्टरलाही दाखवा.