बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर पहिले शंभर दिवस घरात दोन लहान मुलं घेऊन कसे काढायचे?

तुमचा प्रश्न वाचला. पाच वर्षांच्या मुलीचं थॅलेसीमियासाठी ट्रान्सप्लांट पुढच्या महिन्यात आहे, डोनर तिचा तीन वर्षांचा भाऊ, आणि डिस्चार्जनंतर दोघांना एका घरात कसं सांभाळायचं असं तुम्ही विचारलंय. आम्ही हे सगळं करून बसलोय म्हणून लिहितो. मी डॉक्टर वगैरे नाही, बाबा आहे, आयटीत नोकरी, राहायला धायरीला. आमच्या छोटूचं ट्रान्सप्लांट नोव्हेंबर २०२४ मध्ये झालं, तेव्हा तो ४ वर्षांचा होता, आणि डोनर त्याची ७ वर्षांची बहीण. घरात तिला सगळे ताईच म्हणतात, मी पण, तर इथेही ताईच लिहितो.

आधी एक गोष्ट सांगतो जी आम्हाला कोणी सांगितली नाही. छोटूचं सगळं कागदावर मिळालं. डिस्चार्जच्या वेळी चार पानं हातात दिली, काय खायचं काय नाही, कुठली औषधं किती वाजता, ताप किती आला की फोन करायचा, सगळं. ताईचं अर्धं पान पण नव्हतं. बोन मॅरो काढला, दोन-तीन दिवस कंबर दुखेल, आयर्नचं सिरप द्या, संपलं. आमच्या मोठ्या चुका सगळ्या तिच्याच बाबतीत झाल्या, छोटूच्या बाबतीत एकच झाली, ती पण सांगतो.

छोटूचं पथ्य म्हणाल तर पहिल्या आठवड्यात वेड लागायची वेळ येते आणि मग सवय होते. ताजं शिजवलेलं, गरम, तासाभरात खायचं, उरलेलं त्याला परत नाही. वरून कोथिंबीर भुरभुरायची नाही, घालायची तर शिजताना. बाहेरचं दही, सुट्टं पनीर, कच्ची कोशिंबीर बंद. फळं जाड सालीची, आपण हात धुवून सोललेली, म्हणजे केळं, संत्रं, मोसंबी. पपनस आणि ग्रेपफ्रूट मात्र नाही, ते सायक्लोस्पोरिनशी, म्हणजे नव्या पेशी आणि शरीर यांचं भांडण दाबून ठेवणाऱ्या औषधाशी, भांडतं. प्रत्येक हॉस्पिटलचा कागद थोडा वेगळा असतो, तुमचा जो असेल तोच पाळा, माझा नको. आणि पाणी उकळून, आरओ असला तरी. हे पाणी उकळणं सुरुवातीला सोसायटीत जरा चेष्टेचा विषय होता. मग जानेवारी २०२५ मध्ये आमच्याच पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी इकडे, जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, ज्यात हातपाय लुळे पडतात) पेशंट निघायला लागले, विहिरीच्या न् टँकरच्या पाण्यावर सगळ्यांचा संशय, महापालिका सांगायला लागली पाणी उकळून प्या, आणि आख्ख्या बिल्डिंगमध्ये पातेली चढली. ताई खुश, म्हणे आता सगळ्यांचं ट्रान्सप्लांट झालं.

कबुतरांचा बंदोबस्त आधी करा. डक्टमध्ये, बाल्कनीत जाळी लावून घ्या, आणि विष्ठा साफ करणं घरी यायच्या बऱ्याच आधी उरकून टाका, कारण ती धूळ आणि त्यातली बुरशी या मुलांना अजिबात चालत नाही. कुंड्यांची मातीही नाही. आमच्याकडे यावरून जरा झालं, कारण आईची तुळस. शेवटी तुळस खाली सोसायटीच्या बागेत गेली आणि आई रोज सकाळी तांब्या घेऊन लिफ्टने खाली, पाणी घालून हात धुऊन वर. तीच आई दारात उभी राहून बघायला येणाऱ्यांना परत पाठवायची, हे मला कधी जमलं नसतं. सफरचंदांची पिशवी घेऊन लोक येतातच, त्यांना ते प्रेम वाटतं, आणि खोकणारा काका पण म्हणतो नुसता लांबून बघतो. तुमच्याकडे असं कोणी खमकं नसेल तर दारावर कागद चिकटवा.

आता छोटूच्या बाबतीतली ती चूक. सायक्लोस्पोरिन सकाळी ९ आणि रात्री ९. ओपीडीच्या दिवशी रक्तात त्याची लेव्हल बघतात आणि ती सकाळचा डोस द्यायच्या आधी बघायची असते, म्हणजे डोस घरी द्यायचा नाही, बरोबर न्यायचा आणि रक्त घेतल्यावर द्यायचा. हे मला तोंडपाठ होतं. तरी एका सोमवारी ट्रॅफिकमध्ये अडकलोय, नऊ वाजले, गजर वाजला, आणि मी सवयीने गाडीतच सिरिंज भरून दिला. लेव्हल आली भलतीच जास्त, वर डॉक्टर मॅडम चिंतेत, मग माझ्या डोक्यात ट्यूब पेटली, आणि मी खाली मान घालून सांगितलं. दुसऱ्या दिवशी परत तेवढीच फेरी. तेव्हापासून ओपीडीच्या आदल्या रात्री मी बाटलीला लाल रबरबँड लावतो. हे औषध तेलकट असतं, घाण वास, प्लॅस्टिकला चिकटतं, म्हणून काचेच्या छोट्या वाटीत टेट्रापॅकमधल्या संत्र्याच्या ज्यूसमध्ये कालवून द्यायचो आणि मग अजून थोडा ज्यूस घालून वाटी विसळून तोही पाजायचा. आणि त्याने अंगावर केस येतात, घाबरू नका. डोकं तुळतुळीत आणि कपाळ, पाठ, भुवया केसाळ. ताई त्याला अस्वल म्हणायची आणि तो खरंच गुरगुरायचा.

तापाचं एकच लक्षात ठेवा, १००.४ म्हणजे ताप, रात्रीचे दोन असले तरी, पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, आधी फोन. बॅग भरून दाराशी. इमर्जन्सीला ट्रान्सप्लांटची फाईल कोणाला माहीत नसते, आम्हाला एकदा तापातल्या पोराला घेऊन खोकणाऱ्या लोकांच्यात वीस मिनिटं बसवलं होतं, त्यामुळे ट्रान्सप्लांट युनिटकडून एका पानाचं पत्र लिहून घ्या आणि ते बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा.

आता ताई.

सगळ्या नातेवाईकांनी आणि मी स्वतः तिला ट्रान्सप्लांटच्या आधीपासून डोक्यावर घेतलं होतं. तूच वाचवणार, तूच आमची हिरो, तुझ्यामुळे भैया बरा होणार. हे करू नका. कळकळीने सांगतो. डिसेंबरच्या शेवटी छोटूच्या तळहातांवर, तळपायांवर लाल पुरळ आलं, जीव्हीएचडी, सौम्य होतं, औषधाने आटोक्यात आलं. पण मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालत फोनवर मोठ्या भावाला समजावत होतो की डोनरच्या पेशी त्याच्या अंगावर हल्ला करतात, तसं झालंय. शब्दशः असंच बोललो. ताई डायनिंग टेबलवर रंगवत बसली होती, माझं लक्षच नाही. त्यानंतर आठवडाभर तिचं पोट दुखत होतं, शाळेत वहीत काही लिहीत नव्हती, दोनदा अंथरूण ओलं झालं, सात वर्षांच्या पोरीचं. आम्हाला वाटलं लक्ष वेधून घेतेय, बायको तर हॉस्पिटलच्या महिन्याने इतकी थकलेली की एकदा ओरडली पण. मग एका रात्री ताईने आजीला विचारलं, माझं रक्त खराब होतं का गं, मी कधीकधी त्याच्यावर चिडते म्हणून.

माझी आई शुक्रवार पेठेतल्या वाड्यात वाढली. तिने जे सांगितलं ते मी दारामागून ऐकलं. ती म्हणाली, वाड्यात नवीन बिऱ्हाड आलं ना की पहिले दोन महिने नळावर भांडणं व्हायचीच, कोणाची बादली आधी, कोणाचं वाळवण कुठे, ते काही वाईट लोक नसतात, त्यांना अजून माहीत नसतं कुठे काय ते. मग एक दिवस वाटीतून आमटी इकडून तिकडे जायला लागते. तुझं बिऱ्हाड नवीन आहे त्याच्या अंगात. ताईने विचारलं, मग डॉक्टर काय करतात? तर आई म्हणे, ते वाड्याचे मालक, दोघांना गप्प बसा म्हणून दटावतात, ते नऊ वाजताचं औषध म्हणजे दटावणं. मेडिकली बघितलं तर सायक्लोस्पोरिन खरंच तेवढंच करतं. मी दुसऱ्या दिवशी ताईची माफी मागितली आणि तिने मला विचारलं की मग आमटी कधी जाणार.

तुमचा मुलगा तीन वर्षांचा आहे, त्याला एवढं कळणार नाही असं वाटेल. कळतं, अर्धवट कळतं आणि ते जास्त वाईट. त्याच्यासमोर फोनवर बोलू नका.

दुसरी गोष्ट कांजिण्यांची. फेब्रुवारीत रविवारी रात्री ताईच्या वर्गाच्या ग्रुपवर मेसेज, एका मुलाला कांजिण्या आल्यात, शुक्रवारी तो शाळेत होता आणि ताईच्या बाकावर. ताईला कांजिण्यांच्या लसीचा एकच डोस झालेला, दुसरा ट्रान्सप्लांटच्या धावपळीत राहून गेला, ही आमचीच हलगर्जी. युनिटला फोन केला तर ते म्हणाले तिला अजून काही नाही, संपर्कानंतर पहिला आठवडा ती कोणाला देणार नाही, पण लागण झाली असेल तर पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतं, म्हणून २१ दिवस होईपर्यंत छोटूपासून लांब ठेवा, आणि आजच हलवा, उगाच मोजत बसू नका. दुसरा डोसही दुसऱ्या दिवशी देऊन टाकला. रात्री साडेदहाला दप्तर, युनिफॉर्म, एक उशी घेऊन मी तिला कोथरूडला आत्याकडे सोडलं. छोटू झोपला होता, तिला त्याला टाटा पण करता आला नाही.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, माझं रक्त चालतं आणि मी चालत नाही?

याला उत्तर नव्हतं, अजूनही नाहीये. मी एवढंच केलं की रोज ऑफिसचं काम संपलं की कोथरूडला जायचो (मला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात म्हणून मला परवानगी होती, बायकोला माहीतच नाही तिला आल्या होत्या की नाही), अर्धा-पाऊण तास, आणि त्यात छोटूचा विषय काढायचा नाही, ती काढेल तर काढेल. ती सुद्धा तीन महिने त्याच्याच पथ्यावर जगत होती हे मला तेव्हा जाणवलं, कारण घरात काही आणलं की तो मागणार म्हणून आम्ही आणायचोच नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा सीझन होता, कर्वे रोडवर एक बॉक्स घेतला, तिने गाडीत बसून आख्खा संपवला, एकही उरवली नाही, आणि हात माझ्या सीटला पुसले. ते डाग अजून आहेत.

कांजिण्या आल्या नाहीत. बाविसाव्या दिवशी परत आणली, तोवर शंभर दिवस उलटून गेले होते, शंभराव्या दिवशीचा फोटो आत्याच्या मोबाईलवर तिने कॉलवरूनच काढलाय. आल्या आल्या पाच मिनिटांत दोघांची रिमोटवरून मारामारी, आणि छोटूने चावा घेतला. मला इतकं बरं वाटलं की मी ओरडायचं विसरलो. मधल्या काळात त्याचा किमेरिझमचा रिपोर्ट पण आला होता, त्यात किती टक्के पेशी डोनरच्या ते कळतं, आमचे १०० टक्के डोनर. त्याचा रक्तगटही हळूहळू बदलून तिचा झाला, आधी ओ पॉझिटिव्ह होता, आता बी. ताईला हे कळल्यापासून भांडणात नवीन वाक्य आलंय, "माझं रक्त परत दे". तो म्हणतो नाही देत जा.

तुमच्याकडे महिना आहे तर आत्ता करण्यासारखं सांगतो. मुलाच्या लसींचं कार्ड घेऊन युनिटच्या डॉक्टरांना भेटा, तो पाचच्या आतला आहे म्हणजे पोलिओ रविवारी बूथवर थेंब द्यायला बोलावतील, आणि त्या थेंबांतला व्हायरस शीमधून बाहेर पडत राहतो, त्यामुळे ट्रान्सप्लांट झालेलं मूल घरी असताना थेंब नाही, इंजेक्शनवाली पोलिओ लस. बूथवाल्या बायका घरी पण येतात, त्यांना दारातच सांगायला घरातल्या सगळ्यांना तयार ठेवा, आमच्या शेजारच्या घरी याच गोष्टीवरून वाद झाला होता. कांजिण्यांचे डोस, फ्लूचं इंजेक्शन घरातल्या सगळ्यांचं, हे विचारून अ‍ॅडमिट व्हायच्या आधी उरका. तो प्लेग्रुपला जात असेल तर काही महिने बंद ठेवावा लागेल बहुतेक.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत तरी, कोल इंडियाच्या सीएसआरमधून (कंपनीच्या समाजकार्याच्या निधीतून) थॅलेसीमिया बाल सेवा योजना आहे, २०१७ पासून, ट्रान्सप्लांटला १० लाखांपर्यंत मदत मिळते, पण ठरलेल्या हॉस्पिटलांतच आणि उत्पन्नाची अट आहे. आम्ही अटीत बसलो नाही. तुमच्या हॉस्पिटलच्या सोशल वर्करला उद्याच विचारा, हे अ‍ॅडमिशनच्या आधी लागतं.

आणि मुलाला राहायला पाठवावं लागेल असं एक घर आत्ताच ठरवून ठेवा, जिथे तो आधी दोन-तीनदा नुसता मजेत राहून आलाय. ताई आत्याकडे त्याआधी एकटी कधी राहिलीच नव्हती.