डोळे खूश, हात नाराज : शूटर गेमविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नुकताच एक शूटर गेम घेतला. चित्र असं, की डबक्यातल्या पाण्यात दिव्याची थरथर दिसते आणि शत्रूच्या जाकिटाची वीण मोजता येते. पण दोन-तीन तासांतच गोळीबाराचा कंटाळा आला. दोष गेमचा, कॉम्प्युटरचा की माझाच?

उत्तर : तुमचा दोष सगळ्यात शेवटी धरू. आधी गेमची परीक्षा घ्या, तिला दहा मिनिटं पुरतात. हाताशी असलेली सगळ्यात साधी रायफल घ्या, एकटा उभा असलेला शत्रू गाठा आणि एकेकच गोळी झाडा : एक छातीत, एक पायात, एक खांद्यात. दर वेळी बटण दाबल्यापासून क्षणभरात काय घडतं तेवढंच पाहा. बंदुकीनं झटका दिला का? गोळी सुटल्याचा आवाज आणि लागल्याचा आवाज वेगळा आला का? पायात लागल्यावर तो लंगडला का, खांद्यात लागल्यावर त्या बाजूला वळला का? की कुठेही मारलं तरी एकच ठरावीक उचकी देऊन पुन्हा तुमच्यावर नेम धरतो? ही शेवटची गत असेल तर जाकिटाची वीण कितीही बारीक असू दे, तुम्ही माणसावर नाही, पोत्यावर गोळ्या झाडताय.

मग नेम धरून ट्रिगर दाबून ठेवा आणि डोळे मिटा. गोळ्या लागताहेत की भिंतीत जाताहेत, हे नुसत्या कानांनी कळलं पाहिजे. चांगल्या शूटरमध्ये ते कळतं. ही चाचणी अनेक देखणे गेम नापास होतात, कारण संगीत, स्फोट आणि पात्रांची बडबड यांत गोळी लागल्याचा आवाज बुडून जातो. आवाजाच्या सेटिंगमध्ये संगीत निम्म्यावर आणून बघा, कधी कधी तेवढ्यानंही जीव येतो.

आता थोडं गणित. शत्रूची ताकद (तो किती मार सोसेल तो आकडा) १००, तुमच्या एका गोळीचं नुकसान २५ आणि बंदूक मिनिटाला ६०० गोळ्या झाडते असं धरा. दोन गोळ्यांमधलं अंतर ०.१ सेकंद. पहिली गोळी शून्य सेकंदाला लागते, म्हणून चौथी ०.३ सेकंदाला, आणि शत्रू खलास. ३० गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये नेम अचूक असेल तर सात जण आडवे होतात. आता त्याच शत्रूची ताकद ४०० करा. सोळा गोळ्या, दीड सेकंद, आणि एका मॅगझिनमध्ये एक जण गारद होऊन दुसरा अर्धवट उभा. निम्म्या गोळ्या चुकतात हे धरलं तर शत्रूगणिक एकदा रीलोड. नेम तोच, बंदूक तीच, पण तुमचा निम्मा वेळ मॅगझिन बदलताना आडोशामागे जातो. अशा गोळ्या शोषणाऱ्या शत्रूलाच खेळाडू ‘बुलेट स्पंज’ म्हणतात. दीड सेकंद हा आकडा वाईट नाही. त्या दीड सेकंदात शत्रूनं काहीच वेगळं केलं नाही, तर तो वाईट. तो पळाला, आडोसा बदलला, चिलखत तुटून उघडा पडला, तर तोच वेळ भरलेला वाटतो.

‘द ऑर्डर : १८८६’ हे याचं ठळक उदाहरण. २०१५ साली प्लेस्टेशन ४ वर आलेला हा गेम दिसायला आजही खणखणीत आहे. १९२० बाय ८०० पिक्सेलचं चित्र, वर-खाली काळ्या पट्ट्या, सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं), सगळं सिनेमासारखं. पण खेळणाऱ्याच्या हातातून सूत्रं वारंवार निघून कटसीनकडे, म्हणजे नुसत्या बघायच्या प्रसंगांकडे, जातात, आणि उरलेला बराचसा वेळ आडोशामागून डोकी टिपण्यात. त्यात थर्माइट रायफल नावाचं एक अस्सल शस्त्र आहे : आधी पेटणाऱ्या भुकटीचा ढग फेकायचा, मग दुसऱ्या ट्रिगरनं तो पेटवायचा. आडोशामागच्या शत्रूलाही त्यातून सुटका नाही, म्हणजे खेळाडूला विचार करायला लावणारं हत्यार. पण तेच फार कमी वेळा हातात येतं.

प्रश्न : माझ्या कॉम्प्युटरवर कोपऱ्यातला आकडा ६० फ्रेम दाखवतो. तरीही माऊस चिखलातून ओढल्यासारखा जड वाटतो. असं का?

उत्तर : कोपऱ्यातला आकडा सरासरी सांगतो आणि हाताला सरासरी कळत नाही. एका सेकंदात एकच फ्रेम १०० मिलिसेकंद अडकली आणि बाकीच्या ५९ सव्वापंधरा मिलिसेकंदांनी आल्या, तरी आकडा ६०च दिसेल. तुम्हाला मात्र ठेच लागेल. म्हणून आकड्याऐवजी फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला याचा, आलेख लावा. ६० फ्रेमला तो १६.७ मिलिसेकंदांवर सपाट हवा, १२० ला ८.३ वर. सुळके दिसले तर त्याच जागी पुन्हा जा. पहिल्यांदा ग्रेनेड फुटताना अडकलं आणि दुसऱ्यांदा सुरळीत गेलं, तर शेडर, म्हणजे रंग-प्रकाश कसा काढायचा हे ग्राफिक्स कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम, ऐन वेळी तयार होत होते. गेम सुरू होताना शेडर तयार करण्याची पट्टी दिसते ती घाईनं टाळू नका. दर वेळी त्याच दारापाशी अडकत असेल, तर पुढचा भाग लोड होतोय. गेम हार्डडिस्कवर असेल तर एसएसडीवर हलवा. तो आधीच एसएसडीवर असेल तर तुमच्या हातात फारसं काही नाही, निर्मात्याकडून दुरुस्तीचा पॅच येईपर्यंत थांबा.

आलेख सपाट आहे आणि तरी हात जड आहे, तर उशीर रांगेत होतोय, म्हणजे तुमची हालचाल पडद्यावर यायला ताटकळतेय. या क्रमानं बघा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

सगळ्यात आधी फ्रेम जनरेशन बंद करा. ते दोन खऱ्या फ्रेमच्या मधे एक रचलेली फ्रेम घालतं आणि त्यासाठी पुढची खरी फ्रेम थोडी अडवून धरावी लागते. ४० खऱ्या फ्रेमचे ८० दिसले तरी तुमच्या बोटाची दखल २५ मिलिसेकंदांतून एकदाच घेतली जाते, वर अडवणुकीचा उशीर वेगळा. मुळात ७०-८० फ्रेम मिळत असतील तर ते चालून जातं, ३५-४० वर त्याचा आधार घेऊ नये. दिसायला लोणी, हाताला गोंद.

मग व्ही-सिंक, म्हणजे फ्रेम मॉनिटरच्या ठेक्याशी जुळवून धरणारं सेटिंग. मॉनिटर बदलत्या रिफ्रेश रेटचा (सेकंदाला किती वेळा चित्र ताजं होतं तो आकडा) असेल तर ती सोय चालू ठेवा आणि फ्रेमची कमाल मर्यादा रिफ्रेश रेटच्या तीन-चार खाली बांधा, म्हणजे १४४ हर्ट्झला १४० च्या आसपास. साधा मॉनिटर असेल तर व्ही-सिंक बंद करून चित्र फाटतंय ते सोसतं का बघा. बऱ्याच जणांना शूटरमध्ये ते सोसतं.

ग्राफिक्स कार्ड सतत ९७-९९ टक्के भरलेलं असेल तर प्रोसेसर पुढच्या फ्रेम रांगेत लावून ठेवतो, आणि माऊसची हालचाल त्या रांगेच्या शेपटाला उभी राहते. ही रांग आखूड ठेवणारं एनव्हिडिया रिफ्लेक्स किंवा एएमडी अँटी-लॅग असेल तर चालू करा, नसेल तर फ्रेमची मर्यादा थोडी खाली आणा. कार्डावरचं ओझं उतरवायचं तर आधी रे ट्रेसिंग (प्रकाशाच्या किरणांचा हिशेब करून चित्र काढणं), मग धुक्याचे आणि प्रकाशझोतांचे परिणाम, मग सावल्या. टेक्श्चरना, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या बारीक चित्रांना, हात लावू नका. कार्डाची मेमरी पुरत असेल तर ते फुकटात पडतात, आणि तुम्हाला आवडलेली ती वीण त्यांतच असते.

टीव्हीवर खेळत असाल तर वरचं सगळं नंतर, आधी टीव्हीचा, चित्रावरची प्रक्रिया कमी करून उशीर घटवणारा गेम मोड लावा.

प्रश्न : माऊसची सेन्सिटिव्हिटी (हात हलवल्यावर नेम किती फिरतो ते) किती ठेवावी?

उत्तर : आकडा विचारू नका, पट्टी घ्या. प्रत्येक गेमचा आकडा वेगळा, पण सेंटिमीटर सगळीकडे तेच. माऊस पॅडवर खूण करा, पात्राला बरोबर एक पूर्ण गिरकी द्या आणि माऊस किती सरकला ते मोजा. ३० ते ५० सेंटिमीटर ही सुरुवातीला चांगली जागा. काउंटर-स्ट्राइकमध्ये ८०० डीपीआय (माऊस एका इंचात किती टिपके मोजतो) आणि सेन्सिटिव्हिटी १ ला ही गिरकी साधारण ५२ सेंटिमीटरांत होते, २ ला २६ मध्ये. देखण्या, एकट्यानं खेळायच्या गेममध्ये ती अनेकदा मुळातच दहा-बारा सेंटिमीटरांवर ठेवलेली असते, आणि मग नेम डोक्यावरून सरकला की लोक बंदुकीला शिव्या देतात. विंडोजमधलं ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ काढून टाका. ते चालू असेल तर हात जितका जोरात फिरेल तितकं अंतर बदलतं, आणि मोजलेली गिरकी खोटी ठरते.

प्रश्न : हाच गेम मित्राकडे कंट्रोलरवर खेळलो तर छान वाटला, घरी माऊसवर नाही.

उत्तर : कंट्रोलरवर गेम तुमच्या बाजूनं लबाडी करतो. नेम शत्रूवरून जाताना तो मंदावतो, शत्रू हलला तर थोडा त्याच्याबरोबर ओढला जातो, आणि काही गेममध्ये जेमतेम चुकलेली गोळीही आत घेतली जाते. लढाईचं माप त्या मदतीवर बेतलेलं असेल तर माऊसवर शत्रू एकतर फार सोपे वाटतात, नाहीतर त्यांची ताकद वाढवून ठेवल्यामुळे चिवट. गेम कंट्रोलरसाठी घडवलाय असं दिसलं तर कंट्रोलरवरच खेळा, त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : दृश्य इतकं भरगच्च असतं की शत्रू दिसतच नाहीत. गोळी कुठून आली हे मेल्यावर कळतं.

उत्तर : मोशन ब्लर (हालचालीतला धूसरपणा), फिल्म ग्रेन (दाणेदारपणा), क्रोमॅटिक अॅबरेशन (कडांची रंगीत झालर) आणि डेप्थ ऑफ फील्ड (नेमाबाहेरचं धूसर) ही चारही सेटिंग बंद करा. ती कॅमेऱ्याची नक्कल करतात, आणि तुम्हाला भिंगातून नाही, डोळ्यांनी लढायचंय. पुढे फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे एका वेळी किती रुंद दिसतं तो कोन. टेबलावरच्या मॉनिटरला ९० ते १०५ अंशांचा आडवा कोन बरा. त्यापुढे गेलात तर शत्रू लहान दिसू लागतात आणि कडा ताणल्या जातात. फार अरुंद कोनात मात्र कडेचा शत्रू दिसत नाही आणि काहींना मळमळतं. एक गोम आहे : काही गेम हा कोन जुन्या ४:३ स्क्रीनच्या हिशेबानं लिहितात. तिथला ९० म्हणजे आजच्या १६:९ स्क्रीनवर जवळजवळ १०६, तर काही गेम उभा कोन सांगतात. म्हणून दोन गेमचे आकडे नुसते जुळवून भागत नाही.

इतकं करूनही दिसत नसेल तर तो रचनेचा दोष. २००७ च्या ‘टीम फोर्ट्रेस २’ मध्ये पात्रांची नुसती काळी बाह्याकृती दाखवली तरी हा कोण, हे ओळखू येतं, इतकी ती मुद्दाम वेगळी काढली होती. वास्तवाचा हट्ट धरणाऱ्या गेममध्ये राखाडी ढिगाऱ्यापुढे राखाडी गणवेश उभा राहतो, आणि मग त्याच्या डोक्यावर लाल खूण लावावी लागते. खूण लावली की खेळाडू चित्राकडे बघायचं सोडून खुणांवर गोळ्या झाडतो. इतकं महागाचं चित्र काढून ते झाकायचं, याला काय म्हणावं!

प्रश्न : अवघड पातळी लावली तर मजा वाढेल का?

उत्तर : पातळी काय बदलते यावर आहे. बऱ्याच गेममध्ये ती फक्त दोन आकडे बदलते, शत्रूची ताकद आणि त्याच्या गोळीचं नुकसान. पहिला वाढला तर वरचं सोळा गोळ्यांचं गणित आणखी बिघडतं. दुसराच वाढत असेल तर मात्र लावून बघा, कारण मग आडोसा आणि जागा बदलणं यांना किंमत येते.

शत्रूच हुशार असेल तर गोष्टच निराळी. २००५ चा ‘फिअर’ आठवा. ऑफिसांच्या खोल्या, कॉरिडॉर, चित्रात आज नवल काही नाही. पण शत्रू टेबल उलटून आडोसा करतात, वळसा घालून मागून येतात, आणि काय चाललंय ते एकमेकांना ओरडून सांगतात. ते ओरडणं तुमच्यासाठी असतं : ते ऐकून तुम्ही जागा सोडता. २०२० चा ‘डूम इटर्नल’ वेगळ्या वाटेनं जातो. तिथे गोळ्या मुद्दाम कमी, आणि त्या चेनसॉनं शत्रू कापून मिळवायच्या. अर्धमेल्या शत्रूला हातानं संपवलं की ताकद मिळते, आगीनं पेटवून मारलं की चिलखत. त्यामुळे गोळ्या संपल्या म्हणून मागे पळायचं नसतं, पुढेच घुसायचं असतं. पहिले दोन तास हे ओझं वाटतं, मग बोटं आपोआप चालू लागतात.

प्रश्न : देखणाही आणि खेळायलाही दमदार, असं असतं का?

उत्तर : असतं. २००७ च्या ‘क्रायसिस’नं त्या काळची ग्राफिक्स कार्डं रडवली, पण त्यातलं जंगल नुसतं बघण्यापुरतं नव्हतं. गोळ्यांनी झाडं मोडून पडायची, पत्र्याच्या झोपड्या कोसळायच्या, आणि सूटची एकच ऊर्जा चिलखत, वेग, ताकद आणि अदृश्यता यांत वाटून घ्यावी लागायची. म्हणजे जे दिसत होतं, ते वापरता येत होतं. २०१६ च्या ‘डूम’नं कन्सोलवरही ६० फ्रेमचा आग्रह धरला आणि त्यासाठी दृश्य जड झालं की रेझोल्यूशन आपोआप खाली आणलं. हा सौदा योग्य होता. ४के मध्ये १०८०पीच्या चौपट पिक्सेल असतात. तेवढी ताकद फ्रेमवर खर्च करावी की चित्रावर, हे निर्मात्यानं कशाला मोठं मानलं त्यावर ठरतं.

प्रश्न : विकत घेण्याआधी हे सगळं कसं ओळखायचं?

उत्तर : ट्रेलर बघू नका. त्यातले शॉट सहसा फार छोटे असतात. कोणी न बोलता, न कापता खेळलेला व्हिडिओ शोधा, खेळाच्या मधल्या भागातला, आणि एकाच शत्रूवर लक्ष ठेवून गोळ्या मोजा. डेमो असेल तर उत्तमच. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलात तर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून पैसे परत मागता येतात. पण गेम उघडा असेल तेवढा सगळा वेळ त्या दोन तासांत धरला जातो, शेडर तयार होण्याचा, सेटिंगचा आणि सुरुवातीच्या लांबलचक कटसीनचाही. कटसीन टाळता येत असतील तर टाळा, पहिली मोकळी लढाई गाठा, वरची एका गोळीची चाचणी करा आणि सव्वा तास झाला की घड्याळ बघा.