एकाच देशात काही भागांत बेरोजगारी जास्त आणि काही भागांत कमी का असते?

कारण बहुतेकांसाठी कामाचा बाजार देशाएवढा नसतो. रोज ये-जा करता येईल तेवढाच टापू असतो. त्या टापूतली खाण किंवा गिरणी बंद पडली की नुसते तिथले कामगार घरी बसत नाहीत. फाटकासमोरची खानावळ, मालवाहू ट्रकवाले, न्हावी, सगळ्यांचंच गिऱ्हाईक तुटतं.

'मग काम आहे तिकडे जा ना' हे सांगायला सोपं. इथल्या घराला कवडीमोल भाव, तिथलं भाडं आवाक्याबाहेर. जातात ते बहुधा तरुण आणि शिकलेले, त्यामुळे नवा कारखानदारही इकडे फिरकत नाही.

ब्लँचर्ड आणि कॅट्झ या अर्थतज्ज्ञांनी १९९२ साली अमेरिकेतल्या राज्यांचा अभ्यास केला. एखाद्या राज्यात नोकऱ्या बुडण्याचा धक्का बसल्यानंतर बेरोजगारीचा दर काही वर्षांत पूर्ववत व्हायचा, पण मुख्यतः नोकऱ्या परतल्या म्हणून नव्हे, माणसं निघून गेली म्हणून! इटलीत मात्र उत्तर आणि दक्षिण भागांतल्या बेरोजगारीतली दरी कित्येक दशकं टिकून आहे.

आणि हो, दर कमी दिसला म्हणून हुरळू नका. कंटाळून काम शोधणं सोडलेला माणूस बेरोजगारांत मोजलाच जात नाही. मी तरी आधी किती टक्के लोक कामावर आहेत तो आकडा बघतो.